उंबरे किती, माणसं किती

"पाच लिवा, बाई." आज्जीनं एवढंच सांगितलं आणि चुलीतली लाकडं पुढं सारायला ती खाली वाकली. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीतली गोष्ट. कर्नाटकात घरोघरी सर्वेक्षण चाललं होतं, शाळेतल्या मास्तर-बाईंना ते काम लागलं होतं आणि माझ्या मेहुणीच्या वाट्याला बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पलीकडची एक वाडी आली होती. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, बसचा भरवसा नाही, म्हणून गाडीवरून तिला नेऊन सोडायची जबाबदारी माझ्यावर. सोडून लगेच मागं फिरायचं असं ठरवून गेलो होतो. पण कणकुंबीच्या बाजूनं काळं भरून आलं आणि मी त्या घराच्या सोप्यात अडकलो तो अडकलोच. समोर पागोळ्या, अंगणात हिरवंगार शेवाळ, घरात धूर आणि ओल्या गोणपाटाचा वास. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे मेहुणी आधी सगळं वहीत उतरवून घेत होती. दारावर वीजमीटरच्या नंबरावरून चिकटवलेलं घरनंबराचं स्टिकर पावसानं अर्धं सुटलं होतं.

"घरात माणसं किती, आज्जी?" या प्रश्नाला ते उत्तर होतं. पाच. मग नावं आली. थोरला म्हापशाला हॉटेलात, सून त्याच्याजवळ, नातू तिकडंच आयटीआयला. धाकटा चाकणला कंपनीत. मेहुणीनं पेन थांबवलं. "म्हणजे हितं तुम्ही एकट्याच ऱ्हाता."

"एकटी कशाला? पोरं काय मेल्यात काय माझी? पाच लिवा म्हटलं न्हवं."

तिच्या मागच्या मांडणीत स्टीलची पाच ताटं उभी होती, प्रत्येकाच्या काठावर एकेकाचं नाव कोरलेलं. त्यातलं एकच ताट ओलं होतं. रेशन कार्डात पाच नावं होती, त्याप्रमाणे मेहुणीनं पाच लिहिली. आज्जीचं समाधान झालं. तिनं आम्हाला गूळ घातलेला काळा चहा दिला आणि थोरल्याला फोन लागला तर "गणपतीत न्हेलेली छत्री तिथंच हाय" एवढा निरोप सांगायला सांगितलं. मेहुणी पुढच्या घराकडं गेली. पुढच्या घराला कुलूप होतं. कुलपाच्या वर स्टिकर मात्र व्यवस्थित.

पाच खरे की एक, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. हिशेब मांडायला गेलं की एकाच घराचे आकडे किती तरी निघतात. रेशन कार्डावर पाच. मतदार यादीत चार, कारण नातू अजून अठराचा व्हायचाय. महालक्ष्मीच्या जत्रेची पट्टी काढताना एक उंबरा, मग आत माणसं असोत की नसोत. गणपतीच्या पाच दिवसांत पाच, वर सुनेच्या माहेरची दोघं. आणि एरवी दिवेलागणीला विचाराल तर एक. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. आज्जी खोटं बोलली असं तर मला क्षणभरही वाटलं नाही. आपल्याकडं भरल्या घरात कुणी "मी एकटी आहे" असं तोंडानं म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हातानं घराला दृष्ट लावणं.

जनगणनेला मात्र असलं काही चालत नाही. २०११ साली मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती, आणि त्या सगळ्या दिवसांत जो घराबाहेर असेल त्याला त्या घरात धरायचं नाही, तो जिथं असेल तिथं धरायचा, असा नियम होता. म्हणजे आज्जीचा थोरला, सून आणि नातू गोव्यात पडणार, धाकटा पुणे जिल्ह्यात, आणि खानापूर तालुक्याच्या खात्यावर एक म्हातारी. नियम रास्तच आहे. नाही तर एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जायचा. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. आणि फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात रिकामा महिना. भात मळून कणगीत गेलेलं असतं, शिवारात काम नसतं, गोव्यात हॉटेलांचा हंगाम जोरात असतो. पेरणीला चार दिवस घरी येणारासुद्धा तेव्हा गावात नसतो. खानापूरचा डोंगर मोजायचा तर याहून पोकळ घटका शोधून सापडणार नाही.

वयाची गंमत तर त्याहून मोठी. आज्जीचं आधार कार्ड बघितलं, जन्मतारीख १ जानेवारी १९५०. त्या आळीत जेवढी म्हातारी माणसं, जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी. त्यांच्या खालच्या, शाळा बघितलेल्या पिढीचा एक जून, कारण मास्तरांनी नाव घालताना तीच तारीख टाकली. मेहुणीनं सहज विचारलं, "खरं वय किती असंल हो?" आज्जी म्हणाली, "कोयनेचा धक्का बसला तवा मी परकर-पोलक्यात हुते. भांडी पडल्याली आठवत्यात." कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७चा. परकर-पोलक्यातली मुलगी म्हणजे दहा-बारा वर्षांची धरली, तर आज्जी आज सत्तरच्या आसपास. आधारवर पंचाहत्तर. मधली पाच वर्षं कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं संध्या सुरक्षेची पेन्शन पासष्टाला लागते, महिन्याला १२०० रुपये, आणि वय अंदाजे लिहून घेणाऱ्याला समोरचं पांढरं डोकं बघून पाचाच्या पाढ्यातलाच आकडा सुचतो. जनगणनेच्या प्रगणकांनाही वय ठाऊक नसेल तर अशाच एखाद्या ओळखीच्या घटनेवरून अंदाज बांधायला सांगितलेलं असतं. सीमाभागात अशा खुणा काही कमी नाहीत. गांधीजींना मारलं ते साल, राज्य बदललं ते साल, कोयना, बहात्तरचा दुष्काळ, सीमा आंदोलनातला शहाऐंशीचा गोळीबार.

जनगणनेतले एकेका वयाचे तक्ते उघडून बघितले की हे सगळं लख्ख दिसतं. साठ, पासष्ट, सत्तर या वयांवर माणसांचे नुसते ढीग, आणि एकसष्ट, एकोणसत्तर ओसाड. लोकसंख्याशास्त्रवाल्यांनी त्यासाठी व्हिपल निर्देशांक काढला आहे. २३ ते ६२ या वयांतली शून्य-पाचवर संपणारी माणसं मोजायची, पाचानं गुणायची, त्या वयातल्या एकूण माणसांनी भागून शंभराचा हिशेब करायचा. शंभर आला तर लोक वय नीट सांगतात. पाचशे आला तर सगळ्यांनीच पाचाच्या पाढ्यात सांगितलं. मला ही युक्ती फार आवडते. माणसं काय चुकतात हे ओळखून त्या चुकीलाच माप लावलं आहे. पण बासष्टाच्या पुढं ते माप थांबतं, आणि आज्जी तर तिथून पुढंच सुरू होते.

गाव म्हातारं होतं ते तीन वाटांनी. माणसं जास्त जगायला लागतात. पोरं कमी होतात. किंवा मधलं वय उठून निघून जातं. पहिल्या दोन वाटा सगळ्यांच्याच आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी पोरं, १.७ निघाला, महाराष्ट्राचाही तेवढाच. पिढीच्या जागी पिढी यायला २.१ लागतो. तेव्हा भांडणं कितीही असोत, या बाबतीत दोन्ही राज्यं अगदी गळ्यात गळा घालून चालली आहेत. पण डोंगरभागाचा खरा रोग तिसऱ्या वाटेचा आहे, आणि तो आमच्या शेजाऱ्यांना आमच्या आधी झाला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही उतरली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागं ११२२ बायका. हा आकडा वाचला की मुंबईला गेलेले सगळे बाप्ये एका ओळीत दिसतात. इकडं कर्नाटकात त्याच काळात चिकमगळूर किंचित घटलं. बेळगाव जिल्हा मात्र वाढला, ४२,१४,५०५ वरून ४७,७९,६६१. हजारामागं बायका ९७३. बघणाऱ्याला वाटावं, ठणठणीत जिल्हा आहे.

गोव्याच्या तिपटीहून मोठा हा जिल्हा. त्याची सरासरी म्हणजे गोकाक-अथणीच्या उसात आणि कणकुंबीच्या धुक्यात मिळून एकच थर्मामीटर लावल्यासारखं. तिकडं कृष्णा-घटप्रभेचं पाणी, साखर कारखाने, घरात पोरंबाळं, दारात ट्रॅक्टर. इकडं गवे आणि डुकरं रात्रीत भाताचा खळगा लोळवून जातात, माचावर बसून राखण करायला गडी नाही, म्हणून यंदा एक तुकडा पड, पुढच्या साली दुसरा. पड जमिनीवर घाणेरी वाढते, घाणेरीत डुकरं लपतात, मग तिसरा तुकडा. तरणा गेला म्हणून शेत गेलं की शेत गेलं म्हणून तरणा गेला, हे कुणी कधी सोडवून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून आणावं लागतं अशी गावं भीमगडाच्या रानात अजून आहेत. खांदे किती उरलेत ते तिथं नेमकं कळतं. या जिल्ह्याचे तुकडे करून गोकाक, चिकोडी वेगळे काढा अशी मागणी कैक वर्षं आहे. ती उद्या मान्य झाली तर उरलेला बेळगाव जिल्हा एका रात्रीत म्हातारा होईल. कुणाचं वय एका दिवसानंही वाढलेलं नसेल, नुसती रेघ सरकलेली असेल.

रेघ म्हटली की आमच्याकडं दुसराच विषय निघतो.

सीमाभागात वाढलेल्या पोराला जनगणना हा शब्द शाळेच्या आधी घरात ऐकू येतो. आमच्या घरी भिंतीला लागून लाकडी बाकडं होतं, त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला १९५१च्या जनगणनेतले आपल्या गावचे मराठी-कानडी टक्के पाठ होते. राज्यांची सीमा कशी आखायची याचं पाटसकरांचं सूत्र आम्हाला पाढ्यांसारखं यायचं: खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांची यादी निघाली ती त्याच मोजणीतून. मोजायचं ते भाषेसाठी, हे इतकं अंगवळणी पडलं की त्याच तक्त्यांच्या शेजारी वयाचे तक्ते असतात हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या गावात मराठी नव्वद टक्के, त्या गावात मराठी शाळेच्या पटावर पोरं किती, असा प्रश्न आमच्या बाकड्यावर निघालेला मला आठवत नाही. एक नोव्हेंबरची, काळ्या दिनाची सायकल फेरी मी लहानपणापासून बघत आलो. तेव्हा पुढं दांडगी पोरं असायची, सायकलीची घंटा वाजवत, घसा फोडून. आता फेरी निघते, पोलीस असतात, घोषणा त्याच असतात, पण माझ्या शेजारच्या काकांना मागच्या वेळी चढावर सायकल हातात धरून चालवत न्यावी लागली. ते हसून म्हणाले, "निष्ठा हाय रे, गुडघे न्हाईत." मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. राग कुणाचा, ते सांगता येणार नाही. त्यांचा एक मुलगा बंगळूरला आहे, दुसरा अबू धाबीला. दोघांची मातृभाषा मराठीच लागेल जिथं लागायची तिथं. बेळगावच्या टक्क्यातून मात्र ते दोघे कधीच उतरले, आणि त्यांना उतरवायला कुठलं सरकार आलं नव्हतं. पगार आला होता.

म्हणून मला कधी कधी वाटतं, हा वाद कोर्टात सुटायच्या आधी वयाच्या तक्त्यात सुटेल. असं बोललं की चारचौघांत लोक माझ्याकडं फितुरासारखं बघतात. बघू देत.

शहरातही फार वेगळं नाही, फक्त फरशी गुळगुळीत आहे. टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांतून संध्याकाळी फिरा. एकेका बंगल्यात वरचा मजला अंधारात, खाली एका खोलीत दिवा, व्हरांड्यात स्वेटर घातलेले आजोबा आणि पाळीनं येणारी कामवाली. पेन्शनरांचं गाव म्हणून बेळगावचा लौकिक जुनाच. हवा थंड, भाजी स्वस्त, कॅन्टोन्मेंटची झाडं. पूर्वी बाहेरची माणसं इथं म्हातारपण काढायला यायची, ती तरणी पोरं असलेल्या शहरात यायची. आता पोरं पुण्या-बंगळूरला आणि म्हातारपण इथंच तयार होतं. डोंगरातल्या आज्जीला निदान कुणी परकं दारात आलं तर "पाच" म्हणता येतं. बंगल्यातले आजोबा सरळ "दोघंच आम्ही" असं सांगून टाकतात, वर मुलांच्या गावांची नावं इंग्रजी उच्चारात सांगतात, आणि त्यात अभिमान किती नि हुंदका किती हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

२०११ला देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, ५.१ कोटी पुरुष आणि ५.३ कोटी बायका. टक्क्यांत देश ८.६, कर्नाटक ९.५, महाराष्ट्र ९.९, गोवा ११.२. जन्माला मुली कमी, जगायला बायका जास्त. हे ५.१ आणि ५.३ मला एरवी नुसते आकडे वाटले असते. पण बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून खानापूरहून बेळगावला येणाऱ्या सकाळच्या गाडीत ते सीटवर बसलेले दिसतात. कॉलेजची पोरं-पोरी उतरून गेली की गाडीत उरतात त्या नऊवारीतल्या बायका, हातात आधार कार्डाची प्लास्टिक पिशवी, शून्य रुपयांचं तिकीट चोळीत खोचलेलं. कुणी डोळ्यांच्या दवाखान्याला, कुणी बँकेत पेन्शन जमा झाली काय बघायला. एकीला मी विचारलं, "कुठं निघालाय मावशी?" तर म्हणाली, "कुठं न्हाई बाबा. घरात बसून तोंडाला बुरशी याला लागली. माणसं बघून येते." बायकांना फुकट प्रवास देणं बरोबर की चूक यावर पेपरात पुष्कळ लिहून आलं. त्या मावशीचं कारण मात्र मला कुठं वाचायला मिळालं नाही.

आमच्या स्वतःच्या गावात महालक्ष्मीची जत्रा पुष्कळ वर्षांनी धरायची चालली आहे, त्याची बैठक नुकतीच देवळात झाली. मी मुद्दाम गेलो. तुम्हाला सांगतो, याच्याइतकी चोख मोजणी मी आजवर कुठं बघितली नाही. पंचांनी जुनी वही उघडली आणि उंबऱ्यानिशी वाचायला घेतली. प्रत्येक नावाला कुणीतरी भिंतीकडून ओरडायचं: हाय. गेला. म्हापशाला हाय. मुलीकडं ऱ्हाती, हुबळीला. फोन लागत न्हाई. घर इकलं, पट्टी देणार म्हणतोय. एका नावावर दोघांचं जुंपलं, माणूस जिवंत आहे की नाही यावरून, आणि शेवटी त्याच्या नातवाला व्हॉट्सॲपवर विचारून खात्री केली. आजोबा जिवंत निघाले. वय कुणी विचारलं नाही, पण वेगळ्या वाटेनं तेही निघालंच. रथ ओढायला गडी किती, देवी गदगेवर बसवायला खांदे किती, भंडाऱ्याच्या गर्दीत पोरीबाळींना सांभाळायला कोण, पंगतीत वाढायला कोण, हे एकेक लिहिताना वही अडायला लागली. वाढायला माणसं होती, जेवायला त्याहून होती. ओढायला कमी पडत होती. एकानं रथाला पुढून ट्रॅक्टर लावू असं सुचवलं, त्याच्यावर सगळे तुटून पडले. मग गोव्यातल्या, पुण्यातल्या पोरांच्या सुट्टीचा ताळमेळ बसवायला बसले, कुठल्या आठवड्यात किती येऊ शकतील ते फोनवर फोन लावून.

तारीख फेब्रुवारी २०२७ मध्येच बसत होती. मेहुणीला हे सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "भावोजी, त्या वेळी शिरगणती असते. तुमच्या गावाला माझी ड्युटी लागली तर सगळं गाव घरात, वर पाव्हणे. कुणाला धरायचं नि कुणाला सोडायचं?" मी ते बैठकीत सांगितलं. सरपंच राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखू गालात सारून म्हटलं, "मग बरंच झालं की. एकदा तरी भरल्याली मोजू देत." बाकीचे हसले. पट्टी उंबऱ्याला लावायची की कर्त्या गड्याला, हा वाद तेवढ्यात सुरू झाला. उंबऱ्याला लावली तर आज्जीसारख्या एकट्या बाईवर पुरी पट्टी बसते. गड्याला लावली तर गोव्यातली पोरं म्हणतात, आम्ही तिथल्या जत्रेलाही देतो. रात्री साडेअकराला वीज गेली तरी निकाल लागला नव्हता. पंच बॅटरी लावून पुन्हा पहिल्या पानापासून नावं वाचायला लागले.